जेसन टॉड : दुसऱ्या रॉबिनच्या दोन कुंडल्या

वाचक विचारतात

गेल्या अंकात बॅटमॅनच्या साथीदारांवर अर्ध्या पानाचं टिपण आलं होतं. त्यात रॉबिन या नावाने बॅटमॅनसोबत लढणाऱ्या पोरांपैकी पहिला डिक ग्रेसन आणि तिसरा टिम ड्रेक यांच्यावर ऐसपैस लिहिलं गेलं, आणि मधल्या जेसन टॉडची दोन ओळींत बोळवण झाली. तक्रार नाशिकहून आली, आणि एकट्यादुकट्याची नाही. पंचवटीपासून देवळालीपर्यंतच्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. कथेतली रहस्यं झाकून उत्तरं देणं शक्य नव्हतं. ज्यांना मूळ अंक आधी वाचायचे आहेत त्यांनी कुठले अंक घ्यायचे तेवढं उत्तर पाहावं आणि बाकीचं मागाहून वाचावं.

माझा मित्र म्हणतो, जेसनचे आईवडील सर्कशीत होते. मी म्हणतो, तो टायरचोर होता. मिसळीची पैज लागली आहे. कोण जिंकलं? (पंचवटी)

मिसळीचे पैसे निम्मेनिम्मे करा. दोघंही बरोबर आहात.

जेसन पहिल्यांदा दिसला तो ‘बॅटमॅन’च्या ३५७व्या अंकात, मार्च १९८३ मध्ये. लेखक गेरी कॉन्वे, चित्रकार डॉन न्यूटन. या जेसनचे आईवडील जोसेफ आणि ट्रिना टॉड सर्कशीत झुल्यावरच्या कसरती करायचे. किलर क्रॉक या गुंडाने त्यांना मारलं आणि पोरका मुलगा ब्रूस वेनच्या, म्हणजे मुखवट्याआडच्या बॅटमॅनच्या, घरी आला. तुमचा मित्र म्हणेल, ही तर डिक ग्रेसनचीच गोष्ट झाली. झालीच! डिक मोठा होऊन ‘टीन टायटन्स’चा म्होरक्या झाला होता आणि मासिकाला मुखवटा घातलेला लहान मुलगा हवा होता, म्हणून जुनाच साचा पुन्हा वापरला. फरक एवढाच, की या जेसनचे केस तांबूस-सोनेरी होते आणि रॉबिन होताना ते काळे रंगवले. ३६६व्या अंकात तो न विचारता रॉबिनचा पोशाख घालून हजर होतो, आणि ३६८व्या अंकात (फेब्रुवारी १९८४) डिक स्वतः त्याला ते नाव देतो.

पुढे १९८५-८६ मध्ये डीसी कंपनीने ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या मालिकेतून आपल्या सगळ्या विश्वाची पाटी पुसली. त्यानंतर ४०८व्या अंकात (जून १९८७) मॅक्स अॅलन कॉलिन्स यांनी जेसनला नवा जन्म दिला. हा तुमचा टायरचोर. ज्या गल्लीत ब्रूसच्या आईवडिलांचा खून झाला त्याच क्राइम अॅलीत बॅटमॅन गाडी उभी करून जातो, आणि परत येतो तर चाकं गायब. चोर म्हणजे पडक्या खोलीत एकटं राहणारं, सिगारेट ओढणारं पोरगं. वडील विलिस टॉड टू-फेस या खलनायकाच्या टोळीत होते, ते मेले. आई कॅथरीन नशेच्या आहारी जाऊन गेली. बॅटमॅन त्याला मा गन नावाच्या बाईंच्या शाळेत घालतो. पोरांना चोऱ्या शिकवणं हाच त्या शाळेचा खरा धंदा. ते जेसनच उघडकीला आणायला मदत करतो आणि काही काळाच्या प्रशिक्षणानंतर रॉबिन होतो.

तेव्हा भांडण मिटवायची सोपी खूण अशी: ४०८च्या आधीचा जेसन सर्कशीतला, ४०८पासूनचा रस्त्यावरचा. घोळ होतो तो दोन्ही एकत्र वाचल्यामुळे. इंटरनेटवरच्या बऱ्याच चरित्रांत वडाची साल पिंपळाला लावलेली असते, म्हणजे सर्कशीतले आईवडील आणि चोरलेली चाकं एकाच परिच्छेदात. त्यात भर म्हणून ग्रँट मॉरिसन यांनी २००९च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’मध्ये रस्त्यावरच्या जेसनलाच लाल केस दिले आणि ते बॅटमॅनने काळे करायला लावले असं दाखवलं.

जेसन मूळचाच वांड होता, म्हणून वाचकांनी त्याला मारला, असं सगळीकडे वाचतो. खरं का? (सिडको)

अर्धवट खरं, आणि उरलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा. सर्कशीतला जेसन मुळीच वांड नव्हता. १९८५च्या ‘सुपरमॅन’ वार्षिकांक ११ मध्ये अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी त्याला घेतलं आहे. तिथे सुपरमॅन, वंडर वुमन आणि बॅटमॅन असे तीन मोठे अडकलेले असताना मोंगल या राक्षसी खलनायकाला चीत करण्याची युक्ती हा पोरगा लढवतो. खलनायकाचंच विषारी रोप त्याचेच हातमोजे वापरून उचलायचं आणि त्याच्यावर टाकायचं. हुशार, थोडा घाबरलेला, पण सरळ मुलगा.

कॉलिन्स यांचा रस्त्यावरचा जेसनही चिडका आहे, पण वाया गेलेला नाही. टू-फेसने आपल्या वडिलांना मारलं हे बॅटमॅनने लपवल्याचं त्याला ४१०-४११ या अंकांत कळतं. तो संतापतो, हात उचलतो, पण शेवटी टू-फेसला मारत नाही. ४१६व्या अंकात (फेब्रुवारी १९८८) आता नाइटविंग हे नवं नाव घेतलेला डिक त्याला भेटतो, आपला जुना पोशाख आणि फोन नंबर देतो. अडचण आली तर मला फोन कर, असा त्याचा अर्थ. तो फोन पुढे कधी होत नाही. या एका चौकटीचा लेखकांनी नंतर फार थोडा उपयोग केला, याची आम्हाला हळहळ वाटते.

पारडं फिरलं ते जिम स्टार्लिन लेखक म्हणून रुळल्यावर (४१६वा अंकही त्यांचाच). बॅटमॅनसोबत लहान मुलगा असणंच पटत नाही, असं स्टार्लिन यांनी पुढे उघडपणे सांगितलं आहे. त्यांच्या कथांमध्ये जेसन जास्त मारतो, कमी ऐकतो. ४२४वा अंक (ऑक्टोबर १९८८) मुद्दाम बारकाईने वाचा. बोगाटागो या काल्पनिक देशाच्या राजदूताचा मुलगा फेलिपे गार्झोनास एका तरुणीवर अत्याचार करतो, पण राजनैतिक संरक्षणामुळे पोलिसांना त्याला हात लावता येत नाही. त्याच्या धमकीनंतर ती मुलगी आत्महत्या करते. जेसन बॅटमॅनच्या आधी फेलिपेच्या घरी पोहोचतो. बॅटमॅन पोहोचतो तेव्हा फेलिपे गच्चीवरून खाली जात असतो आणि जेसन कठड्याशी उभा असतो. ढकललं का, या प्रश्नावर तो इतकंच म्हणतो, की माझ्यामुळे दचकला असेल, पाय घसरला.

ढकलताना एकाही चौकटीत दाखवलेलं नाही. पान बॅटमॅनच्या नजरेने रचलं आहे आणि बॅटमॅन क्षणभर उशिरा आला आहे. पुढची जवळजवळ सगळी चरित्रं ‘जेसनने खून केला’ असं बेधडक लिहितात. ते या अंकात नाही. ४२५व्या अंकात फेलिपेचा बाप सूड म्हणून पोलिस कमिशनर गॉर्डनला पळवतो, म्हणजे परिणाम दाखवले आहेत, पण निकाल दिलेला नाही.

तारखा लावून बघा. रस्त्यावरचा जेसन जून १९८७च्या अंकात आला आणि त्याने जगावं की मरावं याचा कौल वाचकांकडून फोनवर सप्टेंबर १९८८ मध्ये घेतला गेला. सव्वा वर्ष! त्यात तीन-चार अंकांत लेखकांनी त्याला मुद्दाम काटेरी केलं. वांडपणा पोराच्या रक्तात होता असं म्हणण्यापेक्षा तो लेखणीतून उतरला, असं म्हणणं अंकांना धरून होईल.

त्याची आई तर आधीच वारली होती. मग तो आईला शोधायला कसा गेला? (इंदिरानगर)

कॅथरीन ही जन्मदाती नव्हती, हे त्याला ४२६व्या अंकात कळतं. बॅटमॅनने त्याला उतावळेपणामुळे कामावरून थांबवलेलं असतं. तो जुन्या वस्तीत भटकत जातो, शेजारीण त्याला आईवडिलांच्या वस्तूंचं खोकं देते. त्यात जन्मदाखला. आईचं नाव पाण्याने पुसलेलं, फक्त पहिलं अक्षर ‘एस’ शिल्लक. वडिलांच्या पत्त्यांच्या वहीतून ‘एस’वरून सुरू होणारी तीन नावं निघतात: लेबनॉनमधली इस्रायली हेर शार्मिन रोझेन, मारेकरी लेडी शिवा, आणि इथिओपियात दुष्काळग्रस्तांमध्ये काम करणारी डॉक्टर शीला हेवूड. पहिल्या दोघी नाहीत असं ठरतं. तिसरी खरी आई निघते.

इथून आगीतून फुफाट्यात. शीला मदतीच्या पैशांत अफरातफर करत असते, आणि बॅटमॅनच्या गॉथम शहरातला तिचा जुना डाग त्याचा कट्टर शत्रू जोकर याला माहीत असतो. औषधांच्या ट्रकांमध्ये जोकरने विषारी वायू भरलेला असतो. बॅटमॅन ट्रकांमागे जातो आणि जेसनला सांगतो, मी येईपर्यंत थांब. जेसन थांबत नाही, आईला वाचवायचं म्हणून तिला आपण रॉबिन आहोत हे सांगून टाकतो. ती त्याला गोदामात नेते आणि जोकरच्या हवाली करते. पहारीने मार खाणाऱ्या मुलाकडे पाठ करून ती सिगारेट पेटवते, ही चौकट पूर्ण मालिकेतली सगळ्यात क्रूर आहे, पहारीपेक्षाही. जोकर मग तिलाही बांधून बॉम्ब लावून जातो. जेसन सरपटत जाऊन तिला सोडवतो. दाराला कुलूप असतं.

फोनवरच्या मतदानाचे नक्की आकडे काय? आणि कौल उलटा लागला असता तर? (नाशिकरोड)

४२७व्या अंकाच्या शेवटी गोदाम उडतं आणि दोन फोन नंबर दिलेले असतात: एक ‘जगला’साठी, एक ‘मेला’साठी. एका फोनचे ५० सेंट. मतदान १५ आणि १६ सप्टेंबर १९८८ असं दीड दिवस चाललं. मेला: ५,३४३. जगला: ५,२७१. एकूण १०,६१४ फोन, फरक ७२चा, म्हणजे मरणाच्या बाजूने ५०.३४ टक्के. अवघ्या ३७ फोनांनी बाजू बदलली असती तरी पोरगा वाचला असता.

‘वाचकांनी मारलं’ म्हणताना एक गोष्ट विसरली जाते. यंत्रणा फोन मोजत होती, माणसं नव्हे. एकाच माणसाने पुन्हा पुन्हा फोन लावला तर त्याला अडवायची सोय नव्हती. संपादक डेनिस ओनील यांनीच नंतर सांगितलं, की कुणीतरी संगणकावरून सतत फोन लावल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. ऐकीव गोष्ट आहे, पण ७२च्या फरकाला ती हलवून सोडते.

छपाईसाठी वेळ कमी असल्याने ४२८व्या अंकाची दोन्ही रूपं तयार ठेवली होती. चित्रकार जिम अपारो यांनी जेसन जिवंत सापडल्याचं पानही काढलं होतं. ते पान २००६च्या ‘बॅटमॅन’ वार्षिकांक २५ मध्ये छापलं गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये तर ४२८वा अंक ‘रॉबिन लिव्ह्ज’ या नावाने, जेसन वाचल्याच्या रूपात बाजारात आला. त्यापुढची कथा जे. एम. डिमॅटिस यांनी २०२४ मध्ये लिहिली. मूळ मालिकेच्या इतिहासात मात्र तो मेलाच आहे.

आम्ही वेताळ (फँटम) वाचून मोठे झालो. तिथे एकवीस पिढ्या बापामागून मुलगा मुखवटा घालतो, मेलेला परत येत नाही. हा जेसन मेल्यावर परत कसा आला? नातवाने समजावलं, पण पटलं नाही. (गंगापूर रोड)

न पटण्यात तुमची काही चूक नाही, आजोबा. कारण खरोखरच लंगडं आहे.

जेसन मेला तो १९८८ मध्ये, आणि सतरा वर्षं मेलेलाच राहिला. त्याचा पोशाख बॅटमॅनच्या गुहेत काचेच्या कपाटात उभा असे. २००३ मध्ये ‘हश’ या कथेत (लेखक जेफ लोब, चित्रकार जिम ली) तो दिसला, पण पुढच्याच अंकात तो रूप बदलणारा खलनायक क्लेफेस निघाला. मग २००५ मध्ये जड विनिक यांनी ‘अंडर द हूड’ ही कथा आणली. ६३५व्या अंकात लाल शिरस्त्राण घातलेला ‘रेड हूड’ नावाचा नवा गुंड अवतरतो, ६३८व्या अंकात त्याचा चेहरा उघड होतो: तो जेसन.

कसा जगला, याचं उत्तर वार्षिकांक २५ मध्ये आहे. दुसऱ्या विश्वातला सुपरबॉय-प्राइम नावाचा मुलगा वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारतो, त्या हादऱ्यांनी जगातल्या काही गोष्टी बदलतात, आणि त्यातली एक ही. पुरल्यानंतर सहा महिन्यांनी जेसन शवपेटीत जागा होतो, पेटी फोडून माती उकरून बाहेर येतो. मग वर्षभर बेशुद्धीत इस्पितळात, नंतर स्मृती हरवलेला रस्त्यावर. बॅटमॅनचा जुना शत्रू रा’स अल गुल याची मुलगी तालिया त्याला ओळखते आणि माणसाला नवं आयुष्य देणाऱ्या लाझरस कुंडात बुडवते. शरीर बरं होतं, भान परत येतं, आणि त्याबरोबर संतापही. ‘हश’मधली भेट आधी खऱ्या जेसनची होती आणि मग क्लेफेसशी अदलाबदल झाली, अशी डागडुजीही तिथेच केली आहे.

चूक कुठे झाली ती पाहा. भिंतीवरचे ठोसे त्या वर्षीच्या ‘इन्फिनिट क्रायसिस’ या वेगळ्याच मोठ्या मालिकेतले. जेसनच्या दुःखाशी त्यांचा बादरायण संबंधसुद्धा नाही. २०१० साली ‘बॅटमॅन : अंडर द रेड हूड’ हा ७५ मिनिटांचा अॅनिमेशन चित्रपट आला. त्याची पटकथाही विनिक यांचीच, आणि तिथे त्यांनी ठोसे काढून टाकले. जोकरला हाताशी धरल्याचा पश्चात्ताप झालेला रा’स स्वतःच मुलाचं प्रेत आणून कुंडात टाकतो. एकच कारण, तेही आधीच्या घटनेतून आलेलं. नातवाला आधी चित्रपट दाखवायला सांगा, तुम्हीही शेजारी बसा.

तो परत आल्यावर बॅटमॅनवर एवढा का चिडतो? वाचवलं नाही म्हणून? (म्हसरूळ)

नाही, आणि वाचकांची गल्लत होते ती नेमकी इथे. वेळेवर पोहोचला नाही हे तो माफ करतो. मला मारणारा जोकर अजून जिवंत का, हा त्याचा प्रश्न आहे. त्यात भर म्हणजे त्याच्या जागी टिम ड्रेक आलेला असतो.

रेड हूड म्हणून तो गॉथमच्या अंमली पदार्थांच्या धंद्यावर कब्जा करतो. धंदेवाल्यांना अट घालतो: कमाईतला ४० टक्के हिस्सा माझा, आणि शाळकरी मुलांना माल विकायचा नाही. ही दुसरी अट कुठून आली हे कॅथरीनच्या मरणाची आठवण ठेवली तर कळतं. ६५०व्या अंकात (एप्रिल २००६) तो जोकरच्या डोक्याला पिस्तूल लावतो, दुसरं बॅटमॅनकडे फेकतो. याला मी मारतो, अडवायचं असेल तर मला गोळी घाल. बॅटमॅन बॅटरँग (वटवाघळाच्या आकाराचं त्याचं फेकायचं हत्यार) फेकतो, तो जेसनच्या मानेला कापत जातो, आणि इमारत उडते. चित्रपटात तोच बॅटरँग पिस्तुलाच्या नळीत अडकतो, जेसनच्या हातातच पिस्तूल फुटतं. चित्रपटाचा शेवट हळुवार आहे. कॉमिकमधला जास्त दुखतो, आणि आमच्या मते खरा आहे.

रेड हूड हे नाव जेसनचंच का? (जेल रोड)

नाही, जोकरचं. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ १६८ (फेब्रुवारी १९५१) मध्ये रेड हूड नावाचा चोर रसायनांच्या हौदात उडी टाकतो आणि पुढे जोकर होतो. ज्याने मारलं त्याचंच जुनं नाव जेसनने घेतलं.

मुलगा सहावीत आहे. मोबाइलवर जेसनचे व्हिडिओ पाहून मूळ कॉमिक मागतो. द्यावं का? (कॉलेज रोड)

सगळं नको, थोडं द्या. ४०८ ते ४११ हे अंक सहावीच्या मुलाला चालतील. त्यात मारामारी आहे, पण रक्ताची चटक नाही. ४२४ आणि ४२७ अजिबात देऊ नका. पहिल्यात लैंगिक अत्याचार आणि आत्महत्या आहे, दुसऱ्यात मुलाला पहारीने मारण्याची पानंच्या पानं आहेत. ‘अंडर द रेड हूड’ चित्रपटाला अमेरिकेत पीजी-१३ दर्जा आहे, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी जपून ठरवायचं. सुरुवातच त्या गोदामात होते, तेव्हा आठवी-नववीपर्यंत थांबा आणि पहिल्या वेळी सोबत बसा.

आत्ताच काही हवं असेल तर ‘वेन फॅमिली अॅडव्हेंचर्स’ ही वेबटून या ऑनलाइन कॉमिक-मंचावरची मालिका २०२१ पासून आहे. त्यात जेसन जिवंत आहे, घरच्यांशी भांडतो, खातो-पितो, आणि कोणी मरत नाही. एक सांगतो: मुलगा व्हिडिओ पाहून आला आहे, तेव्हा ‘पुढे काय होतं’ हे त्याला तुमच्याहून जास्त ठाऊक असणार. लपवण्यापेक्षा ‘हा भाग मोठं झाल्यावर’ असं सरळ सांगितलेलं बरं.

कुठले अंक घेऊ आणि कुठल्या क्रमाने? बजेट बेताचं आहे. (सातपूर)

सुटे जुने अंक सोडा, एकत्रित खंड घ्या. घेताना नुसत्या नावावर जाऊ नका. मागच्या कव्हरवर किंवा आतल्या पहिल्या पानावर अंकांचे क्रमांक छापलेले असतात, ते जुळवा.

क्रम असा. आधी ४०८ ते ४११ आणि ४१६, हे ‘सेकंड चान्सेस’ खंडात आहेत. मग ४२४ आणि ४२५, ‘द केप्ड क्रुसेडर’ खंड १ मध्ये. मग ४२६ ते ४२९, म्हणजे ‘अ डेथ इन द फॅमिली’. शेवटी ६३५ ते ६४१, ६४५ ते ६५० आणि वार्षिकांक २५. हे सगळं २०११च्या ‘बॅटमॅन : अंडर द रेड हूड’ या एकाच जाड खंडात आहे. मधले ६४२ ते ६४४ वेगळ्या कथांचे आहेत, पानं गाळली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. याच कथेची जुनी आवृत्ती दोन भागांत आहे. स्वस्तात मिळते म्हणून पहिला भाग तेवढा घेतला तर शेवट हुकतो.

एकूण २५ अंक, साडेपाचशेच्या वर पानं. पैसे एकाच खंडापुरते असतील तर शेवटचा घ्या. जेसन पहिल्यांदा वाचताना ‘अ डेथ इन द फॅमिली’ने सुरुवात मात्र करू नका. ज्याला आपण ओळखतच नाही त्याच्या मरणाने काही वाटत नाही, आणि मग मतदानातल्या ५,३४३सारखंच मत होतं. तालियाकडच्या वर्षांची कथा ‘द लॉस्ट डेज’ सहा अंकांची आहे, ती आवडली तर नंतर. २०११ नंतरची ‘रेड हूड अँड द आउटलॉज’ मजेची आहे, पण त्या मालिकेने जेसनचं सगळं आयुष्य जोकरनेच घडवून आणलं असं सुचवून ठेवलं आहे. ते आम्हाला मान्य नाही. तुम्ही तुमचं ठरवा.

वडिलांच्या ट्रंकेत ‘बॅटमॅन’ ४२८ सापडला. मुखपृष्ठावर महिनाच नाही. नकली आहे का? आणि पावसाळ्यात कसा ठेवू? (देवळाली कॅम्प)

महिना नसणं ही इथे चांगली खूण आहे. त्या वर्षाच्या शेवटी डीसीने जादा अंक काढले, महिने अपुरे पडले. म्हणून ४२६वर डिसेंबर १९८८, ४२७वर ‘विंटर’, ४२८वर ‘हॉलिडे’ आणि ४२९वर जानेवारी १९८९ आहे. मूळ ४२८ची किंमत ७५ सेंट छापलेली आहे. आतल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात प्रकाशनाचा मजकूर असतो, तिथलं वर्ष बघा. ‘रॉबिन लिव्ह्ज’ असं कुठे दिसलं तर तो २०२३चा. मुखपृष्ठावरची तारीख विक्रीच्या तारखेपेक्षा दोनतीन महिने पुढची टाकायची तेव्हा पद्धत होती, म्हणून सप्टेंबरच्या मतदानाचा निकाल ‘हॉलिडे’ अंकात दिसतो.

ठेवण्याचं म्हणाल तर नाशिकचा उन्हाळा कागदाला कोरडा ठेवतो, खरा त्रास जून ते सप्टेंबर. दमट हवेत आधी मधल्या पिना गंजतात, गंजाचा तांबडा डाग मधल्या चार पानांवर उतरतो. न्यूजप्रिंट आम्लधर्मी असतो, उजेडाने आणि उष्णतेने पिवळा पडतो. पॉलिप्रॉपिलीनची स्वच्छ पिशवी आणि आम्लरहित पुठ्ठा घ्या. अंकाचं माप साधारण ६.६ बाय १०.२ इंच असतं, पिशवी त्याहून पाव इंच मोठी हवी. ए-४ पाकिटात तो मावतो, पण सैल राहून कोपरे दुमडतात, तेव्हा ए-४ वापरलंच तर पुठ्ठा बरोबर त्या मापाचा कापा. पीव्हीसीच्या पिशव्या चिकटतात, त्या नकोत. अंक उभे ठेवा, फार घट्ट नको. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, ओल तिथूनच येते. खोक्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि रंग बदलला की वाळवून घ्या. डांबराची गोळी पिशवीत टाकू नका, वास कागदात बसतो आणि जात नाही. आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप? मुळीच नाही. काही वर्षांत टेप निघून जातो, गोंदाचा डाग राहतो.

जेसनसारख्या चिडक्या मुलावर मराठी चित्रकथा लिहितोय. नायक एमआयडीसीजवळच्या वस्तीतला, स्कूटरचे सुटे भाग चोरणारा. काय सांभाळू? (अंबड)

राग कशावर आहे ते आधी एका वाक्यात लिहून काढा. ‘समाजावर’ असं उत्तर आलं तर अजून तयारी नाही. जेसनचं वाक्य सहा शब्दांचं आहे: मला मारणारा अजून जिवंत का आहे. तुमच्या मुलाचंही एवढंच ठोस हवं, अमुक माणूस, अमुक दिवस.

दुसरं, ४२४व्या अंकाची रचना उचलण्यासारखी आहे. वाईट घटना घडते त्या क्षणी वाचक दाराबाहेर हवा. आत पोहोचल्यावर त्याला परिणाम दिसावा, कृती नाही. मग वाचक तुमच्या नायकाबद्दल स्वतः ठरवतो. त्याच पानावर कथनाची पट्टी टाकून ‘त्याने चूक केली’ असं लिहिलंत तर सगळं मुसळ केरात.

मुलाला मारून परत आणायचं असेल तर परत येण्याचं कारण मरणाच्या कथेतल्याच कुणाच्या तरी कृतीत ठेवा. तिसरीकडून आणलेला चमत्कार किती महाग पडतो ते वर गंगापूर रोडच्या उत्तरात आलंच आहे.

तांत्रिक बाजू: त्या काळच्या अमेरिकी अंकाची २२ पानं, पानाला पाचसहा चौकटी, हे माप धरून चाला. पण संवादाचे फुगे त्यांच्या मापाने काढू नका. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी मोठी अक्षरं असतात, ओळी एकमेकींना चिकटून बसतात. आपल्याकडे वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे तेवढ्याच फुग्यात एक ओळ कमी मावते. एका फुग्यात वीसपेक्षा जास्त शब्द आले की तोडा. पेन्सिल रेखाटनाच्या वेळीच संवाद लिहून बघा. शाई झाल्यावर फुगा वाढवायचा म्हणजे नायकाचं अर्धं डोकं झाकलं जातं.